नॉर्बर्टचा जबडा

रविवारी सकाळी चर्चहून येता येता बेकरीतून गरम हॅम आणि पाव घ्यायचे, बर्नाडीनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडायचे आणि मोहरीची बाटली फिरवत फिरवत फोनकडे डोळे लावून बसायचं, हा मिलवॉकीच्या दक्षिणेकडच्या त्या मंडळींचा जुना नेम. त्याच सुमाराला स्टुडिओवाले नव्या सिनेमांच्या पहिल्या शनिवार-रविवारचा गल्ला जाहीर करतात. तो आकडा आला की 'तिकीटबाजारा'त कोण तरलं आणि कोण बुडालं ते कळतं.

तिकीटबाजार हा इंटरनेटवरचा खेळ. येणाऱ्या प्रत्येक सिनेमाचा त्यात शेअर असतो. सिनेमा धंदा करेल असं वाटलं तर शेअर घ्यायचा, आपटेल असं वाटलं तर त्याच्याविरुद्ध पैज लावायची. शुक्रवारी दुपारी व्यवहार बंद, रविवारी निकाल. पैसे खोटे, पण तोंडं मात्र खरीखुरी पडतात.

जूनमधल्या त्या रविवारी तोंड पडलं ते बर्नाडीन याब्लोन्स्कीचं.

"आला, आला आकडा!" क्लेम ओरडला. क्लेम हा सिटी बसवरून निवृत्त झालेला ड्रायव्हर, आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. "चंद्रावरच्या खाणवाल्यांच्या सिनेमाने धुमाकूळ घातला! लिओना, जिंकलीस की तू पुन्हा! बर्नी, तू काय केलं होतंस?"

"पडेल म्हणून लावले होते," बर्नाडीन पाव कापता कापता म्हणाली. पावावर सुरी जरा जास्तच जोरात चालली होती.

"अरेरे! बाईसाहेबांचं यंदा काही खरं नाही."

"गप रे," लिओना हसत म्हणाली. "बर्नीनेच शिकवलंय मला सगळं. नाहीतर मला कुठलं कळतंय यातलं?"

हे असं गोड बोललं की बर्नाडीनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कारण ते खरं होतं. लिओना स्ट्रॉइक तिची शाळेपासूनची मैत्रीण, मागच्या गल्लीत राहणारी. दोन वर्षांपूर्वी लिओनाचा नवरा रे गेला, बाई घरात एकटी भिंतींशी बोलायला लागली, तेव्हा बर्नाडीननेच तिला ओढून या टेबलाशी आणून बसवलं होतं. म्हणाली होती, मन रमेल तुझं. रमलं ना! चांगलंच रमलं. आता उन्हाळ्याच्या यादीत लिओना सगळ्यांच्या वर बसली होती आणि बर्नाडीन तिच्या खाली.

आणि उन्हाळ्याची यादी म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मे महिन्यात हंगाम सुरू होतो, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे येतो, त्याच्या आदल्या दिवशी संपतो. जो पहिला येईल त्याच्या घरी वर्षभर ती जोडखुर्ची राहते. लिंकन अ‍ॅव्हेन्यूवरचं जुनं थिएटर पाडलं तेव्हा या मंडळींनी तिथून लाल मखमलीच्या दोन खुर्च्या उचलून आणल्या होत्या, मधला हात दोघींना मिळून एकच असलेल्या. बर्नाडीन गेली नऊ वर्षं जिंकत होती, म्हणून खुर्ची नऊ वर्षं तिच्याच बैठकीत, खिडकीशी. डावीकडे नॉर्बर्ट बसायचा, उजवीकडे ती. त्याच थिएटरात, कोण जाणे याच खुर्च्यांत, नॉर्बर्टने पहिल्यांदा तिचा हात धरला होता. ही खुर्ची लिओनाच्या घरात गेलेली बर्नाडीन डोळ्यांसमोर आणायची आणि उठून मखमलीवरची धूळ पुन्हा एकदा पुसायची.

बरं, नऊ वर्षं ती जिंकत होती ती कशाच्या जोरावर? लोक म्हणायचे, बर्नाडीनचं डोकं. क्लेम म्हणायचा, चेटूक. खरं काय ते एकट्या बर्नाडीनला ठाऊक होतं, आणि ते तिने कबुलीजबाबाच्या वेळी फादरनाही सांगितलं नव्हतं.

ते म्हणजे तिच्या नवऱ्याचा जबडा.

नॉर्बर्ट थिएटरात गेला की मोठा डबा पॉपकॉर्न घ्यायचा आणि दिवे मंद झाले की चावायला लागायचा. सावकाश, एकसारखा, गाय रवंथ करते तसा. ट्रेलर सुरू व्हायचे. एखादा ट्रेलर लागला आणि नॉर्बर्टचा जबडा थांबला, म्हणजे हात डब्यातच राहिला आणि तोंडातला घास तोंडातच, की तो सिनेमा चालणार म्हणजे चालणार. आणि चावत राहिला तर तो पडणार, मग त्यात कितीही मोठा नट असो. एकदा बर्नाडीनच्या हे लक्षात आलं, आणि मग तिने पडद्याकडे बघणंच सोडलं. ट्रेलर लागले की ती मान वळवून अंधारात नॉर्बर्टच्या कानाखाली बघत बसायची, आणि घरी येऊन शेअर घ्यायची किंवा विकायची. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी नवऱ्याकडे इतकं टक लावून बघणारी बाई अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये दुसरी नसेल.

नॉर्बर्टला ती यातलं अवाक्षर बोलली नव्हती. सांगितलं की तो मुद्दाम चावायला लागणार, किंवा मुद्दाम थांबणार, मग संपलंच सगळं. शिवाय नॉर्बर्ट बोलणारा माणूसच नव्हे. कारखान्यात जन्म गेला यंत्रांच्या आवाजात. घरी "हं" आणि "बरं" यावर त्याचं भागायचं, आणि बर्नाडीनचंही भागत होतं.

मग एप्रिलमध्ये तिचा गुडघा बदलला. डॉक्टरने थिएटरातल्या चढ-उताराला सक्त मनाई केली. आता नॉर्बर्टला मंगळवारच्या स्वस्त खेळाला पाठवायचं कुणाबरोबर? एकटा तो जाणार नाही, घरी बसून अंगणातल्या झाडावरच्या खारी बघत बसेल. म्हणून बर्नाडीननेच फोन उचलला आणि लिओनाला म्हणाली, "अगं, नॉर्बला घेऊन जात जा ना मंगळवारी. गाडी तोच चालवेल."

हा फोन तिने आपल्या हाताने केला. हे आठवलं की ती पलंगावर पडल्या पडल्या उशीला गुद्दे मारायची.

जबडा तर आता दिसणार नव्हता. तेव्हा तिने युक्ती काढली. नॉर्बर्टला म्हणाली, "उरलेलं पॉपकॉर्न घरी आणत जा, मला इथे पडून पडून भूक लागते." ट्रेलर कुठले दाखवले ते लिओना फोनवर सांगायची आणि उरलं किती ते डबा सांगायचा. डब्यात उरलं असेल तर जबडा थांबला होता. डबा रिकामा असेल तर सगळा वेळ चावतच होता, म्हणजे सगळे सिनेमे पडणार. आता हा काय हिशेब झाला? पण दुखऱ्या गुडघ्याने पडलेल्या माणसाला जो हिशेब सुचतो तो असाच. डबा दर मंगळवारी रिकामा यायचा. बर्नाडीन दर बुधवारी सगळ्या सिनेमांच्या विरुद्ध पैजा लावायची, आणि दर रविवारी तिची धूळधाण व्हायची.

त्या जूनमधल्या रविवारी, सगळे निघाले तेव्हा, लिओना दारात पर्स खांद्याला लावता लावता म्हणाली, "बर्नी, तुझा नवरा पॉपकॉर्नमध्ये किती लोणी घालतो गं! अर्धा डबा मीच संपवते आणि मग रात्रभर माझी छाती जळते."

बर्नाडीनचा चेहरा पांढराफटक पडला. डब्यात दोन हात जात होते! हे तिच्या टाळक्यात कसं आलं नाही?

आणि मग दुसरा विचार आला, तो याहून वाईट. ही बया सारखी जिंकते आहे ती उगाच नाही. हिला कळलंय. शेजारी बसते, जबडा बघते, आणि माझा डबा मुद्दाम रिकामा करून पाठवते.

"तुम्ही दोन वेगळे डबे घेत जा," त्या दुपारी ती नॉर्बर्टला म्हणाली.

"का?"

"का म्हणजे? परक्या बाईच्या डब्यात हात घालतोस, बरं दिसतं का ते?"

"डबा माझा असतो," नॉर्बर्ट म्हणाला. "हात ती घालते."

"तेच तर म्हणतेय मी!"

नॉर्बर्टने "बरं" म्हटलं आणि तो गवत कापायला गेला. पण त्या मंगळवारीही डबा एकच आला आणि रिकामाच आला. म्हणे, मोठा डबा दुसऱ्यांदा फुकट भरून देतात, दोन कशाला घ्यायचे.

जुलै असाच गेला. बर्नाडीनने नॉर्बर्टला घरी टीव्हीवर ट्रेलर दाखवून बघितले, शेगडीवर पॉपकॉर्न फोडून दिलं. पण घरात तो सगळ्यालाच सारखा चावायचा. तिने डबाबिबा सोडून दिला, भाव बघून, वर्तमानपत्रं वाचून पैजा लावल्या, आणि आश्चर्य म्हणजे त्यातल्या बऱ्याच लागल्या. ऑगस्ट सरत आला तेव्हा ती लिओनाच्या अगदी मागे येऊन ठेपली होती. शेवटच्या आठवड्यात जो नेमका खेळेल त्याची खुर्ची.

आणि शेवटच्या आठवड्यात येत होता बायकांच्या बोलिंग संघाचा सिनेमा, म्हणजे जड चेंडू घरंगळवून दहा लाकडी खुंट्या पाडायच्या त्या खेळाचा. मिलवॉकीत बोलिंग म्हणजे काय हे सांगायला नको. इथे लोक आपल्या मुलांचे वाढदिवस विसरतील, लीगच्या सामन्यांची रात्र विसरायचे नाहीत. शेअरचा भाव आधीच चढला होता. टेबलावर सगळे म्हणत होते, हा देशभर धो धो चालणार. लिओना काही म्हणत नव्हती. ती स्वतः लीगमध्ये खेळायची, तरी गप्प होती. का गप्प होती?

"येत्या मंगळवारी मीही येते," बर्नाडीनने जाहीर केलं. "गुडघा बरा आहे आता."

मंगळवारी ती काठी टेकत गेली. नॉर्बर्ट मध्ये, डावीकडे ती, उजवीकडे लिओना. दिवे मंद झाले. बर्नाडीनने सवयीने मान वळवली, आणि तिला दिसलं ते तिने चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं.

डबा लिओनाच्या मांडीवर होता. नॉर्बर्ट काही चावतच नव्हता. बोलिंगचा ट्रेलर सुरू झाला, तसा तो लिओनाच्या बाजूला कलला आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलला. एक-दोन शब्द नव्हे, चांगला लांबलचक बोलला, मध्ये हातवारे करून. लिओना तोंडावर हात ठेवून हसली. मग तिने काही विचारलं, आणि तो पुन्हा बोलला.

नॉर्बर्ट! जो घरात 'हं'च्या पुढे जात नाही, तो!

बर्नाडीनच्या मनात तेव्हा ना शेअर होता ना खुर्ची. तिला नुसतं एवढंच वाटलं की उठावं आणि काठी त्या दोघांच्या मधल्या हातावर आपटावी. जळत होती ती, अक्षरशः जळत होती. तो काय बोलतोय हे ऐकू येत नव्हतं, आणि तेच सगळ्यात जास्त झोंबत होतं. सिनेमा कुठला होता ते तिला नंतर आठवलंही नाही.

परतताना गाडीत लिओना म्हणाली, "काय गं बर्नी, गप्पशी? गुडघा दुखतोय का?"

"हो," बर्नाडीन म्हणाली. "गुडघाच."

शुक्रवारी दुपारी व्यवहार बंद व्हायच्या आधी तिने फोनवर मंडळींची यादी उघडून पाहिली. मंडळींच्या पैजा एकमेकांना उघड दिसायच्या. लिओनाने बोलिंगच्या सिनेमाविरुद्ध लावले होते. सगळेच्या सगळे. बर्नाडीनचं स्वतःचं मत काय होतं? खरं तर तिलाही भाव फार चढल्यासारखा वाटत होता. पण आता लिओनाच्या बाजूला उभं राहायचं? तिच्या मागे मागे? मेले तरी नाही. तिने जे होतं नव्हतं ते सगळं सिनेमा चालेल म्हणून लावलं.

रविवारी हॅम आलं, पाव आले, दुसऱ्या दिवशी लेबर डे म्हणून क्लेमने शेजारच्या रासीन गावाहून क्रिंगलही आणलं, बदाम भरलेला गोल गोड पाव. आकडा आला. क्लेमने तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"आपटला," तो म्हणाला. "पार आपटला की रे! बोलिंगवाल्यांनीसुद्धा बघितला नाही वाटतं."

मग टेबलावर एकच कल्ला झाला. कुणी लिओनाच्या पाठीवर थापा मारत होतं, कुणी खुर्ची कुठल्या दारातून काढायची त्याची चर्चा करत होतं. क्लेम बैठकीत जाऊन एक बाजू उचलून बघून आला. "नॉर्ब, ये, दुसरी बाजू धर! मखमल सांभाळ!"

नॉर्बर्ट उठला आणि खरंच दुसरी बाजू धरायला गेला. ते मात्र बर्नाडीनला बघवलं नाही.

"ठेव ती खाली!" ती ओरडली. सगळे थबकले. "ठेव म्हणते ना! अशी जिंकते का कोणी? चोरी आहे ही! लिओना, सांग सगळ्यांना, सांग तू काय करत होतीस ते!"

"मी?" लिओना म्हणाली. "मी काय केलं?"

"भोळेपणाचा आव आणू नकोस. याचा जबडा बघत होतीस तू!"

"याचा काय?"

"जबडा! तो चावायचा थांबला की सिनेमा चालतो, चावत राहिला की पडतो. ते माझं होतं! इतकी वर्षं मी बघतेय, मी शोधून काढलं, आणि तू माझ्या जागेवर बसून, माझ्या नवऱ्याच्या शेजारी बसून..." पुढे तिचा आवाज फाटला.

क्लेमला हसू येत होतं, पण नॉर्बर्टकडे बघून त्याने ते गिळलं. लिओनाने हातातली बशी टेबलावर ठेवली.

"बर्नी," ती हळूच म्हणाली, "मला त्याच्या जबड्याबिबड्यातलं काही माहीत नाही गं. मी त्याला विचारलं."

"काय विचारलं?"

"हेच, की हा कसा वाटतोय तुला, चालेल का? पहिल्याच मंगळवारी विचारलं. तो सांगायला लागला. फार छान सांगतो. परवा म्हणाला, लेबर डेनंतर लीग सुरू होतात, ज्यांना बोलिंग आवडतं ते या आठवड्यात हात साफ करायला बोलिंगच्या हॉलमध्ये असणार, थिएटरात कशाला येतील? आणि बाकीच्यांना बोलिंगचं पडलंय कुठे? पटलं मला." मग ती गोंधळून म्हणाली, "मला वाटलं, तूही त्यालाच विचारतेस. म्हणूनच जिंकतेस. तू कधी विचारलं नाहीस?"

बर्नाडीनला तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. ती मनात मागे मागे जाऊन शोधू लागली. नऊ वर्षांतला एक मंगळवार, एक तरी. सापडेना.

नॉर्बर्ट अजून खुर्चीची कड धरून वाकलेला होता. तो सरळ झाला.

"ट्रेलर लागले की तू माझ्याकडे बघायचीस," तो म्हणाला. "अंधारात. मला कळायचं."

"नॉर्ब..."

"मला वाटायचं, माझ्याकडेच बघतेस." त्याने मखमलीवरून एकदा हात फिरवला. "त्या थिएटरात बघायचीस, तशी."

एवढं बोलून तो वाकला, क्लेमला त्याने मानेने खूण केली, आणि दोघांनी जोडखुर्ची उचलली. दारातून ती आडवी करून काढावी लागली. मागच्या अंगणातून, गल्ली ओलांडून, लिओनाच्या पायऱ्यांपर्यंत नॉर्बर्ट तिची एक बाजू धरून गेला. खुर्ची नको, राहू दे इथेच, असं लिओना दोनदा म्हणाली, पण तिचं कुणी ऐकलं नाही. मग ती बर्नाडीनकडे बघायचं टाळत त्यांच्या मागे गेली, आणि हळूहळू बाकीचेही आपापल्या घरी गेले.

बराच वेळ झाला तरी नॉर्बर्ट आला नाही. बर्नाडीन खिडकीशी काठी टेकून उभी राहिली. जिथे नऊ वर्षं खुर्ची होती तिथे जमिनीचा रंग उजळ होता. तिकडे गल्लीपलीकडे ते खुर्ची कुठे ठेवतायत, कोण कुठल्या बाजूला बसून बघतंय, याचा विचार तिने करायचा नाही असं ठरवलं, आणि तोच केला.

शेवटी मागचं दार वाजलं. नॉर्बर्ट आत आला, हात धुतले, टेबलावर उरलेल्या पावात हॅम घातलं, वर मोहरी घातली आणि उभ्या उभ्याच खायला लागला.

बर्नाडीन त्याच्या समोर येऊन उभी राहिली. काठी तिने टेबलाला टेकवून ठेवली.

"नॉर्ब," ती म्हणाली, "एक विचारू?"

"हं."

"आपलं कसं वाटतंय तुला? तुझं-माझं. चालेल का पुढे?"

नॉर्बर्टने तिच्याकडे बघितलं. चांगलं बघितलं. आणि चावत राहिला, सावकाश, एकसारखा. बर्नाडीन त्याच्या जबड्याकडे न बघायचा प्रयत्न करत उभी राहिली, तो चावायचा थांबेल या आशेने.